सोळा ते तीस : थारच्या टायरसाठी कंप्रेसर शोधताना

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

वही आज उघडली, पण काम गेल्या एप्रिलपासून अंगावर आहे.

दाजींचं शेत म्हसवडच्या पुढं, माणगंगेच्या पलीकडं. पुलावरून गेलं तर अकरा किलोमीटरचा वळसा, नदीतून गेलं तर पाचशे-सहाशे पावलं. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू. गेल्या एप्रिलमध्ये मी थार फोर-लो मध्ये (चारही चाकांना ओढ, गिअर संथ पण जोरदार) घालून थेट उतरलो आणि मधोमध बसलो. चाकं जागच्या जागी फिरत होती, गाडी खाली खाली जात होती. टायरमध्ये हवा ३० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) होती. ती कमी करायला हवी हे मला माहीत होतं. तरी केली नाही, कारण कमी केल्यावर भरणार कुठं? जवळची हवा म्हसवडला, आणि तिथल्या पंपावर ‘हवा बंद आहे’ असा पुठ्ठा मी येतानाच वाचला होता. शेवटी दाजी ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी अडकवताना म्हणाले, ‘‘पाव्हणं, चार चाकांना ताकद हाय, मग पाचवं चाक आमचंच का लागतं?’’

ते वाक्य वर्षभर आक्काच्या घरी प्रत्येक पंगतीत निघालं. म्हणून ही वही. यंदाच्या उन्हाळ्याआधी कंप्रेसर (हवा भरायचा विजेवरचा पंप) गाडीत पाहिजे.

५ फेब्रुवारी

दुकानात किंवा मोबाइलवर बघण्याआधी आकडेमोड. कंपनीत मेंटेनन्सला असल्याची एवढी खोड आहे.

माझे टायर २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या ७५ टक्के, रिम १६ इंची. मापं धरून आकारमान काढलं, रबराची जाडी वजा केली, तर आत साधारण ७० लिटर जागा निघते. वाळूत १६ पीएसआय, डांबरावर ३०. फरक १४ चा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे एका टायरला जवळजवळ एक टायरभर मोकळी हवा आणखी कोंबायची : ६७ लिटर. चौघांचे मिळून पावणेतीनशे लिटरच्या आत.

मग लक्षात आलं की खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जो आकडा असतो, ‘१५० पीएसआय’, त्याचा मला काडीचा उपयोग नाही. सायकलचा साधा हातपंपही ६०-७० पर्यंत जातो. मला ३० च्या वर जायचंच नाही. मला हवेत लिटर, तेही मिनिटाला किती, आणि टायरमध्ये आधीच २५ पीएसआय बसलेला असताना किती.

९ फेब्रुवारी, रविवार

घरातला जुना कंप्रेसर माळ्यावरून काढला. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागणारा, मुठीएवढा, लाल प्लास्टिकचा. आधीच्या हॅचबॅकसोबत घेतला होता, तिथं कधी तक्रार नव्हती. खोक्यावर ‘मिनिटाला ३५ लिटर’.

पद्धत ठरवून टाकली, पुढं सगळ्यांना हीच लावणार : गाडी रात्रभर उभी, टायर थंड, इंजिन चालू, १६ ते ३०, मोबाइलवर वेळ.

पहिला टायर ६ मिनिटं १० सेकंद. दुसरा ६.३५. तिसरा ७.२०. चौथ्याला २४ वर पोहोचलो तेव्हा भाजल्यासारखा वास आला आणि पितळी जोडाशी रबरी नळी मऊ पडून फट्कन निसटली. जोडाला बोट लावलं, चटका बसला. बोटाला कोलगेट लावून नोंद लिहितोय.

पहिल्या टायरचे ६७ लिटर भागिले ६.१७ मिनिटं (६ मिनिटं १० सेकंद), म्हणजे मिनिटाला ११ लिटर. ३५ कुठं आणि ११ कुठं! पण खोक्यावरचा आकडा तसा खोटाही नसतो. तो मोजलेला असतो नळीचं तोंड मोकळं ठेवून, समोर कसलाही दाब नसताना. पिस्टन वर गेला की डोक्याशी थोडी फट राहतेच. तिथं अडकलेली दाबाची हवा पिस्टन खाली येताना आधी फुगते, आणि ती फुगेपर्यंत नवी हवा आत येत नाही. टायरमधला दाब जितका जास्त, तितका प्रत्येक फेरीचा मोठा भाग वाया. त्यात भार वाढून मोटर मंदावते आणि रिंगेच्या कडेनं गळती होते ती वेगळीच.

आणखी एक. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा. १५ धरला तर १२ व्होल्टला १८० वॅट. या सॉकेटवर चालणारी कुठलीही वस्तू कितीही सजवून विकली तरी ती या छपराच्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा लायटरवाले सगळे बाद. थेट बॅटरीला चिमटे लागणारा पाहिजे.

१० फेब्रुवारी

बोटाला फोड. टायपिंग उजव्या हातानं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन कामं झाली.

भाचा आला होता, त्याच्याकडं पॉवर बँकेसारखा दिसणारा चार्जिंगचा पंप आहे. बुलेटसाठी घेतलाय. दिसायला देखणा, आकडा घातला की आपोआप थांबतो. थारच्या टायरला लावला. नऊ मिनिटं वीस सेकंदांनी ३० आले. दुसऱ्या टायरला २५ वर स्वतःहून बंद पडला, पडद्यावर थर्मामीटरचं चित्र. भाचा म्हणाला, ‘‘मामा, याला पण घाम फुटला.’’ बुलेटला आणि रस्त्यात एखादा टायर चार-पाच पीएसआय उतरला तर वर आणायला उत्तम. चार टायर १६ वरून उचलणं हे त्याचं काम नव्हे. त्याला दोष नाही.

दुसरं काम मजेचं. पुढच्या चाकाच्या आजूबाजूला खडूची पूड भुरभुरवली आणि टायर जमिनीला किती टेकतो ते मोजलं. ३० पीएसआयला ठसा १५ सेंटीमीटर लांब, साधारण १७ रुंद. १६ ला लांबी २२, रुंदी १८. म्हणजे हवा काढल्यावर टायर ‘रुंद’ होतो असं जे सगळे सांगतात ते खरं म्हणजे फार कमी होतं. तो लांब होतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं आणि वाळू खणण्याऐवजी चाक तिच्यावरून जातं. बायको गॅलरीतून बघत होती. गाडीभोवती पांढरी रांगोळी काढलेली पाहून तिनं काही विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

१६ च्या खाली जायची मला गरज वाटत नाही. बारा-तेराच्या खाली वळणावर टायरची कडा रिमवरून उतरायची भीती, आणि नदीत टायर रिमवर परत चढवणं हे माझ्याच्यानं होणारं काम नाही.

१९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांशी बोललो. त्यांच्याकडं टाकीवाला मोठा कंप्रेसर. त्यांना वाटलं मी पण टाकी घ्यावी. ‘‘टाकी भरलेली असली की फस्सकन काम होतं, साहेब.’’ खरं आहे, पण किती काम? ६ लिटरच्या टाकीत १०० पीएसआय असले आणि ती ३० पर्यंत रिकामी केली तर बाहेर येते २८-२९ लिटर मोकळी हवा. माझा अर्धा टायरसुद्धा नाही. मोठी टाकी गाडीत ठेवायला जागा नाही. टाकीचा विचार सोडला.

चाचांनी एक गोष्ट मात्र कामाची सांगितली : वाळूतून आल्यावर व्हॉल्व्हची टोपी काढायच्या आधी तोंडावर फुंकर मार, नाहीतर वाळूचा कण पिनेत बसतो आणि रात्रीतून हवा जाते.

२ मार्च, रविवार

मोठी चाचणी. टूलरूममधल्या मित्राकडं जिप्सी आहे, त्याच्याकडून एक सिलिंडरवाला आणला. कोल्हापूरच्या त्याच्या ओळखीतून दोन सिलिंडरवाला आला. दोन्ही धातूच्या अंगाचे, बॅटरीला चिमटे लावायचे, तेल न लागणारे.

एक सिलिंडरवाला : खोक्यावर ७० लिटर, वजन साडेतीन किलो. २ मिनिटं २५ सेकंद. हिशेबानं मिनिटाला २८ लिटर. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) सुरुवातीला १८ अँपिअर, ३० पीएसआयजवळ २२. चारही टायर सलग भरले. शेवटच्याला २.४०. अंग गरम, पण हात टेकवता येत होता.

दोन सिलिंडरवाला : खोक्यावर १५० लिटर, पिशवीसकट जवळजवळ सात किलो. १ मिनिट १० सेकंद! मिनिटाला ५७ लिटर. पण ४३ अँपिअर ओढतो, आणि आवाज असा की सकाळी सात वाजता समोरच्या बंगल्यातले निवृत्त काका बनियनवर फाटकात येऊन उभे राहिले. मी इंजिन बंद केलं आणि उरलेली चाचणी दहानंतर केली.

दोघांच्या खोक्यावरचा आकडा आणि माझा आकडा यांत अडीचपटीचा फरक. जुन्या लाल डब्यात तिपटीहून जास्त होता. तेव्हा माझ्यापुरता नियम : प्रवाह कुठल्या दाबाला मोजलाय ते लिहिलं नसेल तर खोक्यावरच्या आकड्याला अडीच-तीननं भागायचं.

चांगल्या कंपन्या हे लिहितात. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा दोन सिलिंडरवाला घ्या. मोकळ्या तोंडाला मिनिटाला १७४ लिटर, आणि २९ पीएसआयला सुमारे १३०. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले. २९ हा विचित्र आकडा का, तर ते २ बार (दाबाचं दुसरं एकक) होतात. कागदावर तो माझा टायर अर्ध्या मिनिटात भरेल. किंमत बघून पान उलटलं. (एआरबी म्हणजे काय याचं कुतूहल होतं. १९७५ मध्ये कंपनी काढणाऱ्या अँथनी रोनाल्ड ब्राउन यांची आद्याक्षरं. आपल्याकडं ‘आ. रा. ब. अँड सन्स’ झालं असतं.)

६ मार्च

ड्यूटी सायकल हा शब्द दोन्ही खोक्यांवर आहे, आणि तो वाचूनही कुणी वाचत नाही. ‘१०० पीएसआयला ३३ टक्के’ म्हणजे त्या दाबाला अर्ध्या तासात दहा मिनिटं चालवा आणि वीस मिनिटं गार होऊ द्या. माझ्या ३० पीएसआयच्या कामाला भार कमी, त्यामुळं मुदत जास्त मिळते. तरीही मोटरमध्ये तापमानाचा कट-आउट (फार तापल्यावर मोटर आपोआप बंद करणारी कळ) आहे की नाही ते विचारून घ्यायचं. लाल डब्यात नव्हता, म्हणून नळी आधी गेली.

९ मार्च, रविवार

ठरलं. एक सिलिंडरवाला.

मित्र वेड्यात काढतोय. ‘‘दुप्पट वेगाचा समोर असताना?’’ त्याचं एक म्हणणं रास्त आहे : तो लडाखला जातो. ‘खारदुंग ला’ ही तिथली खिंड ५,३५९ मीटरवर. तिथं हवेचाच दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक फेरीत हवाही निम्मीच येते. तिथं मोठा कंप्रेसर छोटा होतो आणि छोटा खेळणं. पण मला जायचंय म्हसवडला.

चार टायरचा माझा वेळ : एक सिलिंडरवाल्यानं दहा मिनिटं, दोनवाल्यानं पाच. टोपी काढणं, नळी ओढत गाडीभोवती फिरणं दोन्हीकडं सारखंच. नदी ओलांडल्यावर दाजींच्या वस्तीवर चहाला पंधरा मिनिटं जातातच, आणि तो चहा टाळता येत नाही. वाचलेल्या पाच मिनिटांसाठी दुप्पट पैसे, दुप्पट वजन आणि ४३ अँपिअर सोसणारी जाड वायर हे मला पटत नाही. किंमत ४,८०० विरुद्ध ९,५००. उरलेल्या पैशांत वायरिंग नीट करणार.

१३ मार्च, होळी

पार्सल आलं. पुरणपोळीच्या गडबडीत खोकं उघडायला रात्र झाली.

पहिला शोध : नळीवरचा गेज. कंपनीतला प्रमाणित गेज घरी आणला होता (रीतसर वहीत लिहून). टायरमध्ये खरे ३० असताना हा ३३ दाखवतो. हवा भरत असताना तर ३८. कारण भरताना तो टायरचा दाब नव्हे, नळीत तुंबलेला दाब वाचतो. या गेजवर विसंबून ३० ला थांबलं तर टायरमध्ये बावीस-तेवीसच. मागवणाऱ्यांपैकी किती जणांना हे कळत असेल कुणास ठाऊक.

त्याचा गेज सजावट म्हणून राहू दे. वेगळा हातातला गेज घेतला, त्यालाच हवा सोडायची कळ आहे. सोळावर आणायला एका टायरला दीड-दोन मिनिटं.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस वायरचा.

इंजिन बंद ठेवून लावला तर टायरला ३ मिनिटं ५ सेकंद. इंजिन चालू, २.२५. मीटर लावला : इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पण कंप्रेसरच्या टोकाला १२.६. दीड व्होल्ट वायरमध्येच जिरतोय. वायर तीन मीटर, हाताला कोमट लागत होती. टोक सोलून ब्लेडनं खरवडलं. आत पांढरं. तांब्याचा नुसता मुलामा, पोटात अ‍ॅल्युमिनियम.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर आणली, लाल आणि काळी, तीन-तीन मीटर. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो कंप्रेसरकडं बसवला आणि वायर मधेच कुठं घासून उघडी पडली तर फ्यूज बिचारा बघत बसतो. चिमटे काढून टाकले. बॉनेटच्या आत अँडरसन प्लग पक्का केला, उलटा लागूच शकत नाही असा. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबायला कंपनीतला क्रिंपर वापरला, पकडीनं चेपलेल्या लगवर माझा विश्वास नाही.

आता कंप्रेसरच्या टोकाला १३.६ व्होल्ट. टायर २ मिनिटं १० सेकंदात. तेच यंत्र, फक्त वायर बदलली, पंधरा सेकंद कमी. चार-साडेचारशे रुपयांत इतकं समाधान दुसरं कशात मिळत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

घरची गुढी उभारून सकाळी साडेसहाला निघालो. दहिवडी, गोंदवले, म्हसवड. गोंदवल्याला गर्दी, तिथं वीस मिनिटं गेली.

नदीकाठी नऊच्या सुमारास. उतरून आधी पायी चाललो. हा धडा गेल्या वर्षीचा. वाळू उपशाचे खड्डे आहेत, वरून सपाट दिसतात, पाय टाकला की गुडघाभर. एका जागी बाभळीची काठी रोवून खूण केली आणि रस्ता डावीकडून आखला.

चारही टायर १६ वर. टायरचं पोट रिमखाली फुगलेलं दिसतं तेव्हा अजूनही पोटात धस्स होतं. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं तरी डोळ्याला ते पंक्चरच दिसतं.

फोर-हाय (चारही चाकांना ओढ, पण नेहमीच्या वेगाचे गिअर), दुसरा गिअर, सुरुवातीपासून एकसारखा दाब. मधे थांबायचं नाही, स्टिअरिंग झटक्यानं फिरवायचं नाही. गाडी नावेसारखी डुलत गेली. मागल्या वर्षी जिथं बसलो होतो ती जागा आरशात मागं गेली तेव्हा कळलं की मी श्वास धरून बसलोय. पलीकडच्या काठावर चढलो. वेळ काय लागला असेल, दोन मिनिटं.

वस्तीवर आक्कानं गुढी उभी केली होती, साखरेची माळ वाऱ्यावर हलत होती. दाजी खाटेवर. मी काही न बोलता बॉनेट उघडलं, प्लग लावला, नळी पुढच्या चाकाला. कंप्रेसर सुरू झाल्यावर बांधलेली म्हैस दोन पावलं मागं सरकली. दाजी उठून आले, वाकून बघत राहिले. २.१०, २.१५, २.१५, २.२०. चार टायर, नळी फिरवण्यासकट साडेअकरा मिनिटं. आक्काचा चहा अजून उकळतच होता.

दाजी म्हणाले, ‘‘बरं हाय की. पन ट्रॅक्टर हाय म्हनून धीर धरून आलासा न्हवं?’’

खरं तर परतीलाही नदीतूनच यायचं होतं, तेव्हा टायर लगेच भरायची गरज नव्हती. भरून दाखवायचे होते.

३१ मार्च

मुक्काम वाढला, आणि आज यंत्राची हद्द कळली.

सकाळी दाजी म्हणाले, ट्रॉलीचं एक टायर बसलंय, बघा तुमचं मशीन चालतंय का. ९.००-१६ चं टायर, त्यात ते साठच्या आसपास ठेवतात. मी नको म्हणू शकत होतो. पण म्हणालो नाही.

३० पर्यंत झपाझप. ४० ला आवाज जड झाला. ५० नंतर काटा हलतोय की नाही ते बघायला डोळे बारीक करावे लागत होते. साधारण अकराव्या मिनिटाला, ५४ वर, टक् असा आवाज आणि शांतता. कट-आउट. सिलिंडरच्या पंख्यांवर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं. पंचवीस मिनिटं सावलीत ठेवल्यावर पुन्हा सुरू झाला आणि ६० गाठले. दाजींनी तेवढ्या वेळात एक चिलमीचं राहिलेलं किस्सेपुराण पूर्ण केलं.

यंत्र जळलं नाही, त्याला मी मार्क देतो. पण दोन सिलिंडरवाला असता तर ही वेळ आली नसती, हेही लिहून ठेवलं पाहिजे. मित्राला हे पान दाखवणार नाही.

परतीला दुपारी एक वाजता निघालो. दुसरी चूक : दुपारचं ऊन आणि डांबरावर फिरून आलेले टायर असताना १६ वर आणले. टायरचं तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एक पीएसआयनं बदलतो. म्हणजे थंड टायरच्या हिशेबानं मी प्रत्यक्षात तेरा-चौदावर होतो. नदी पार झाली, काही बिघडलं नाही, पण अलीकडं काठावर चढताना मागचं डावं चाक वळणात विचित्र मुरडलं ते जाणवलं. पुढच्या वेळी गरम टायर असतील तर १८-१९ वर थांबायचं.

आणि भरल्याशिवाय डांबरावर पळवायची नाही. नरम टायरची भिंत प्रत्येक फेरीला दुमडते आणि आतून तापते. पंपापर्यंत हळू जाऊ म्हणणारेच पुढं साठ-सत्तरनं जातात. काठावरच बाभळीच्या सावलीत बारा मिनिटं काढली आणि ३० करून निघालो.

१३ एप्रिल, रविवार

किरकोळ दुरुस्त्या. बरोबर आलेली नळी मागच्या चाकापर्यंत ताणून बसायची, आता साडेसात मीटरची रबरी नळी. नोझल आट्यांचं होतं. ते फिरवून काढताना अर्धा-एक पीएसआय फुस्स व्हायचा. चिमट्याचं घेतलं. हवा शोषायच्या तोंडावरचा स्पंज झटकला तर चमचाभर वाळू निघाली. कंप्रेसर यापुढं वाळूवर ठेवायचा नाही, पायाखालचं रबरी मॅट अंथरून त्यावर.

मागच्या उजव्या टायरची हवा रोज एक-दोननं उतरत होती. चाचांनी रिमची कडा साफ केली, कडेत वाळू अडकलेली. फुंकर मारायला सांगितलं होतं ती व्हॉल्व्हला, इथं फुंकर मारून काय होणार!

कामाला कुठं कुठं वापरणार अशी यादी मित्रानं विचारली. काळ्या रानात, चाळकेवाडीकडच्या जांभ्याच्या वाटांवर थोडी हवा कमी करून (तिथं २२-२४ बास, जांभ्याच्या धारेला टायरची भिंत उघडी पडू द्यायची नाही). कासच्या पठारावर गाडी घालायची नाही, तिथं चाकाखाली फुलं असतात. समुद्रकिनाऱ्यावरही नाही. कोकणात भरतीत सापडलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी येतात, त्यात आपली भर नको.

४ मे

आक्काकडं वास्तुशांत होती, तिघं मेहुणे, दोन गाड्या. दुसरी गाडी आमच्या धाकट्या मेहुण्याची बोलेरो, फक्त मागच्या चाकांना ओढ. त्यालाही १६-१८ वर आणून नदीतून काढली, न ढकलता. आठ टायर सलग भरले, पाचव्यानंतर दहा मिनिटं थांबलो. कट-आउट पडला नाही.

आज पंगतीत पाचव्या चाकाचा विषय निघाला नाही. दाजींनी कंप्रेसर चार दिवस ठेवून घेतो म्हटलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायला चिमट्यांची जुनी वायर होती ती दिली.

२८ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. २५ तारखेला मान्सून राज्यात दाखल झाला, त्याच्या आधीपासून झोडपतच होता. आक्काचा फोन : माणगंगेला पाणी आलंय, मे महिन्यात, लोक बघायला काठावर उभे आहेत. नदीची वाट बंद. पुन्हा अकरा किलोमीटरचा वळसा.

चार दिवसांचे चोवीस झाले, कंप्रेसर तिकडंच आहे. दाजींना विचारलं तर म्हणाले, ‘‘पाव्हणं, गावातली निम्मी पोरं सायकलीची हवा भरायला हितंच येत्यात. एका वक्ताला चाळीस ठेवायची ना?’’

मी म्हटलं, त्या गेजवर चाळीस दिसले तर खरे सदतीस धरा.